लवंगेखालचा वास

दौंडात गेणबाच्या नाकाची चेष्टा सगळेच करायचे, अन् गरज पडली की त्याच नाकापुढं येऊन उभेही राहायचे. दूध नासलंय की नुसतं धुरकटलंय, तूप घरचं की बाजारचं, बोकडाला ताप आहे की नुसतंच सोंग, विचारा गेणबाला. रुपालीचं, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरवायला तळेगाव ढमढेऱ्याला पाहुण्यांकडं गेले, तेव्हा हा बाबा चहाची बशी खाली ठेवून उठला अन् पार मागच्या पडवीपर्यंत हुंगून आला. सगळ्यांदेखत सांगून मोकळा झाला, "घरात दारू न्हाई. म्हातारीच्या खोलीत औषधाचा वास हाय, पर अंथरूण धुतल्यालं हाय. म्हंजी सेवा हुतीय. आपली पोरगी हितंच द्यायची." सोयरे हसले, मेहुणा शरमेनं लाल झाला. पण पोरगी दिली, अन् सुखात नांदली. तेव्हापासून बायकोनं, कुशाबाईनं, एकच पालुपद धरलं होतं. "आमच्या मालकांच्या नाकातनं काय सुटत न्हाई बाई."

भाजीबाजाराच्या बोळात त्याचं तंबाखूचं दुकान, मागं घर. पुड्या, विड्या, मिश्री हे सगळं तो विकायचा, पण ते पोटासाठी. जीव होता तो पाइपच्या तंबाखूत. आता दौंडात पाइप कोण ओढतो म्हणाल, तर अहो, रेल्वेचं गाव ते! वाफेच्या इंजिनांच्या काळात ख्रिस्ती ड्रायव्हर अन् गार्ड संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात पाय पसरून पाइप पेटवायचे. इंजिनं भंगारात गेली, निम्मी माणसं ऑस्ट्रेलियाला गेली, उरलेली एकेक करून सिमेटरीत. मागं राहिले ते मोजके म्हातारे, अन् त्यांचा म्होरक्या व्हिन्सेंटसाहेब, रिटायर्ड मेल ड्रायव्हर. जिभेचा तिखट अन् मनाचा राजा.

गेणबा मूळचा वरवंडचा, धनगराच्या घरचा. बापाबरोबर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. बाप म्हणायचा, मेंढराचं दुखणं आधी नाकाला कळतं, मग डोळ्याला. पुढं बापानं मेंढरं विकून जमीन धरली अन् गेणबा लोको शेडमध्ये इंजिनं पुसायला लागला. तिथं व्हिन्सेंटसाहेबाच्या पाइपचा वास त्याच्या नाकात शिरला तो कायमचा. शेड बंद झाली तसं यानं दुकान टाकलं अन् स्वतःच तंबाखू बनवायला लागला. गुंटूरचं पिवळं पान, त्यात निपाणीचं काळं, वरून वरवंडच्या गुऱ्हाळातली काकवी, थेंबभर व्हॅनिला, अन् साहेबांची फर्माईश असली तर रम.

दर रविवारी चर्च सुटलं की साहेब दुकानात यायचे. ऑस्ट्रेलियातला भाऊ त्यांना डबे पाठवायचा. त्यातली चिमूट बटरपेपरात गुंडाळून आणायची अन् गेणबापुढं टाकायची. "बोल, क्या है?" हा त्यांचा खेळ. गेणबा आधी तंबाखू तळव्यावर चोळायचा अन् थंडच हुंगायचा. मग पाइप भरायचा. पहिला झुरका नुसता सोडून द्यायचा, दुसरा जिभेवर घोळवायचा, तिसरा नाकातनं बाहेर काढायचा. मग डोळे मिटूनच सांगायचा, "पिवळं पान जास्ती. तुर्की हाय, पर मिठापुरतं. वर चेरी मारलीय. आन् साहेब, रम न्हाई ही, व्हिस्की हाय."

साहेब खिशातनं डब्यावरचा कागद काढून वाचायचे अन् टाळी द्यायचे. "साला, तेरा नाक है या रडार!" बोळातली पोरं हसायची. "गेणबाआबा नाकानं कांदे सोलत्यात!" म्हणायची. पण गेणबाची छाती काही खाली यायची नाही.

या सगळ्या डौलात एक गोष्ट साहेबांना ठाऊक नव्हती, अन् ठाऊक करून द्यायचं कारणही नव्हतं. काकवीचं पाणी तंबाखूवर शिंपडायचं काम कुशाबाईचं होतं, अन् ती ते तोंडानं करायची. तोंडात घोट घ्यायचा, ओठांत बारीकशी फट ठेवायची अन् फुर्रर्र करून सोडायचं. असं धुकं पसरायचं की एक पान कोरडं राहायचं नाही अन् एक पान चिंब व्हायचं नाही. गेणबानं एकदा फवाऱ्याचा पंप आणून बघितला. थेंब मोठे पडले, माल जागोजाग बुरसला. पंप माळ्यावर गेला अन् कुशाबाई पुन्हा परातीपुढं बसली. मग तो माल घोंगडीत गुंडाळायचा, वर दगड ठेवायचा अन् रात्रभर मुरू द्यायचा.

त्या वर्षी, वाफेचं शेवटचं इंजिन जाऊन बराच काळ लोटला होता, नाताळाला व्हिन्सेंटसाहेबांकडं मोठं जेवण ठरलं. ऑस्ट्रेलियाचा भाऊ येणार, जुन्या ड्रायव्हरांची पोरंबाळं येणार. साहेबांनी गेणबाला सांगितलं, प्रत्येकाला एकेक डबा द्यायचा, तुझ्या हातचा. "भाई को दिखाना है, दौंड में क्या बनता है." गेणबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या हुरुपात नमुन्याचा डबा न हुंगताच भरून त्यानं साहेबांकडं पोचवला.

अन् याच दिवसांत, सांगूनच टाकतो, लपवून काय करायचंय, कुशाबाईच्या गालाच्या आत एक जखम भरायचं नाव घेत नव्हती. गौरी-गणपतीत सुरू झालेली. आधी फोड वाटला, मग दाढ वाटली. भाकरी दुधात कुस्करून खायची. लग्नाची आमंत्रणं आली तरी घरीच राहायची. बोलताना पदर तोंडावर धरायची. ठणका लागला की लवंग दाढेखाली धरायची, अन् कळ जरा दबायची. गेणबा रोज तिच्या शेजारी जेवत होता, शेजारी निजत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायको भाकरी कुस्करते, हे त्याला दिसलंसुद्धा, तो म्हणाला, "दात पडाया लागलं व्हय गं म्हातारे?" अन् आपणच हसला.

एका संध्याकाळी तो दुकान बंद करून ओट्यावर पाय चोळत बसला होता. कुशाबाई आतनं आली अन् अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. पदर बाजूला केला अन् तोंड त्याच्या तोंडाशी आणलं. ह्या वयात हे काय नवीन, म्हणून गेणबा जरा मागंच सरला.

"अहो, कसला वास येतोय का हो?"

गेणबानं नाक वर केलं. नाकाचा प्रश्न आला की त्याला दुसरं काही दिसत नसे.

"लवंग."

"आन्?"

"आन् काय? त्या धुरपदीच्या कांडपाचा वारा हिकडं येतोय. दिवसभर मसाला कुटती भवानी. माझ्या मालाला लागल एखाद्या दिशी."

"दुसरा कसला न्हाई ना?" तिनं तोंड आणखी जवळ आणलं.

"आगं, दुसरं काय असनार? लवंगच हाय नुसती."

कुशाबाईनं मोठा श्वास सोडला. "मग बरं झालं," म्हणाली अन् उठून चुलीकडं गेली. काय बरं झालं, हे विचारावं असं गेणबाच्या मनातही आलं नाही. तो आपला धुरपदीवर चरफडत बसला.

पुढच्या रविवारी साहेब आले ते बटरपेपर न आणता. नमुन्याचा डबा त्यांनी फळीवर आपटला. "गेणबा, क्या डाला इसमें? लौंग?"

"लवंग? न्हाई साहेब! माझ्या तंबाखूत लवंग कवाच नस्ती!"

"तो मैं झूठ बोलता हूँ?" साहेबांनी पाइप भरून त्याच्या हातात दिला. गेणबानं झुरका घेतला, जिभेवर घोळवला, नाकातनं सोडला. अन् त्याचा चेहरा उतरला. लवंग होती. राजरोस, सगळ्यांच्या पुढं उभी होती.

"और सुन," साहेब पाइप परत घेत म्हणाले, "लौंग के नीचे भी कुछ है. मीठा-मीठा, सड़ा हुआ. मेरे को समझ में नहीं आता. तू देख."

पण गेणबानं काही बघितलं नाही. लवंग सापडली अन् त्याचं नाक तिथंच थांबलं. लवंगेनं त्याचं नाक कापलं होतं, भर बाजारात, साहेबांपुढं. आता त्याला चोर पकडायचा होता. साहेब निघून गेले, "नाताळ को ऐसा माल नहीं चलेगा," एवढं बजावून. गेणबानं बरण्या हुंगल्या, तराजू हुंगला, चाळणी हुंगली, घोंगडी उलटीपालटी करून हुंगली. कुठंच लवंग नाही. मग राहिली कोण? धुरपदा.

धुरपदाचं मसाला कांडप दुकानाला लागूनच. बाई विधवा, आवाज कांडपाच्या मशीनवरचा. गेणबा तिच्या दारात जाऊन उभा राहिला अन् सुरू झाला. "बंद कर तुझं मशीन! माझ्या तंबाखूत तुझी लवंग शिरली, माझं गिऱ्हाईक मोडलं!"

धुरपदानं मशीन बंद केलं, कमरेवर हात ठेवले. "भावजी, तोंड सांभाळून बोला. माझी लवंग काय पाय फुटून तुमच्या बरणीत चालत गेली व्हय? भिंत हाय मधी, डोळं हायत का न्हाई?"

"मग आली कुठनं?"

"घरात जाऊन इचारा की! काखेत कळसा आन् गावाला वळसा! तुमची कुशाबाई गणपतीपासनं लवंगा नेतीय माझ्याकडनं. दर आठवड्याला. दाढंत धरती. जेवान जात न्हाई तिला, वाळून काडी झालीया, आन् तुम्ही हितं मशीन बंद कराया आलाय!"

बोळातली माणसं जमली होती. गेणबा माघारी फिरला. आता तुम्हाला वाटेल, माणूस धावत घरी गेला असेल, बायकोला विचारलं असेल, काय होतंय गं तुला. छे! त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं की चोर सापडला. लवंग कुशीच्या तोंडात होती, तोंडातनं काकवीच्या पाण्यात गेली, पाण्यातनं मालात. कोडं सुटलं म्हणून मनातनं त्याला हायसंच वाटलं, अन् माल बिघडवला म्हणून रागही आला. "दर आठवड्याला" अन् "वाळून काडी" हे शब्द कानावरनं वाहून गेले.

"कुशे! तोंडात लवंग धरून फवारा मारतीस व्हय गं? नाक कापलंस माझं साहेबांपुढं!"

कुशाबाई चुलीशी बसली होती. "दाढ लई ठणकतीय हो. लवंग धरली की जरा बरं वाटतंय."

"एक दिस कळ काढ. नाताळाचा माल हाय. तोंड मिठाच्या पान्यानं खळखळून धू, आन् मग बस परातीपुढं. लवंगेचा कणसुदीक नको तोंडात."

ती उठली. मागल्या दारी जाऊन मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या, पुन्हा पुन्हा. आत आली तेव्हा भिंतीला हात धरून आली. परातीत पान पसरलं होतं, काकवीचं पाणी कोमट करून ठेवलं होतं. तिनं घोट घेतला अन् तिचे डोळे गच्च मिटले. फुर्रर्र. दुसरा घोट. फुर्रर्र. धुकं पहिल्यासारखंच पडत होतं, हात मात्र मांडीवर आवळलेले. गालावरनं पाण्याची धार लागली होती.

"काकवी नाकात गेली व्हय?" गेणबानं विचारलं.

तिनं मान हलवली, व्हय म्हणून. अन् तिसरा घोट घेतला.

सकाळी गेणबानं दगड बाजूला केला, घोंगडी उलगडली. माल असा रसरशीत मुरला होता की बघतच राहावं. त्यानं चिमूट तळव्यावर चोळली, नाकाशी नेली, डोळे मिटले, अन् समोर साहेब बसलेत असं समजून मोठ्यानं बोलायला लागला. "पिवळं पान. काळं पान. काकवी, नव्या गुळाची. व्हॅनिला, थेंबभर. लवंग न्हाई. गेली लवंग!" तो हसला. पुन्हा हुंगलं. "आन्..."

अन् हसू ओठावरच राहिलं.

लवंग गेली होती, अन् लवंगेनं जे झाकलं होतं ते उघडं पडलं होतं. गोडसर, ओलं, कुजलेलं. साहेब म्हणाले होते तेच. पण साहेबांना ते ओळखू आलं नव्हतं, अन् गेणबाला आलं. लहानपणी कोकणात उतरताना कुठल्यातरी घाटात पाऊस लागला होता, कळप खडकाखाली दाटला होता, अन् बापानं एका मेंढीचा जबडा दोन्ही हातांनी फाकवून पोराचं मुंडकं धरून तिच्या तोंडाशी नेलं होतं. "घे वास. पोटभर घे. ह्यो वास ध्येनात ठेव, गेण्या. ह्यो आला की जनावर कळपातनं बाजूला काढायचं. उशिरा कळला तर ह्याच्यावर आवषद न्हाई." पोरगं ओकलं होतं. वास मात्र ध्यानात राहिला होता.

गेणबाच्या हातातली तंबाखू खाली पडली. तो परातीवरनं उडी टाकून चुलीकडं गेला. कुशाबाई भाकरीचा तुकडा दुधात बुडवत होती.

"तोंड उघड."

"काय झालं?"

"तोंड उघड गं, कुशे!"

तिनं उघडलं. दोन बोटं कशीबशी जातील एवढंच उघडलं. त्यापुढं जबडा जाईना. गेणबानं बॅटरी आणली अन् उजेड आत टाकला. गालाच्या आत, दाढांच्या मागं, पांढऱ्या कडेची लालभडक जखम, फुलून आलेली. तिथंच, जिथं ती बोटानं मिश्री लावायची. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ लावायची, अन् मिश्रीला तंबाखू बाहेरून आणावी लागली नाही तिला. चाळणीखालची भुकटी गेणबाच जपून ठेवायचा, "कुशीच्या मिश्रीला" म्हणून. तव्यावर ती भाजायची तेव्हा तिथं उभा राहून सांगायचा, जरा आणखी करप, वास उतरंल. कौतुकानं सांगायचा.

गेणबानं बॅटरी विझवली. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण बायको बघत होती, म्हणून त्यानं नुसतं म्हटलं, "लुगडं बदल. डॉक्टरकडं जायचंय."

"आवं, दाढ हाय नुसती. आन् माल तसाच उघडा पडलाय तिकडं, वाळंल."

"जाऊ दे खड्ड्यात."

सरकारी दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करत नव्हत्या. त्यांनी कुशाबाईला खुर्चीवर बसवलं, मान मागं घेतली, उजेड टाकून खूप वेळ बघितलं. मानेच्या बाजूला बोटांनी चाचपलं. एका जागी त्यांची बोटं थांबली, अन् गेणबाला ते दिसलं. हातमोजे काढून त्या टेबलाशी बसल्या अन् पुण्याच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहायला लागल्या.

"आजी, आजच निघा. दुपारची गाडी धरा. हे गणपतीपासून आहे म्हणता, मग इतके दिवस का थांबलात? दुखत नव्हतं का?"

"दुखत हुतं की. पर म्या म्हनलं, दाढ आसंल."

"आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नाही? वास येत असणार याला. शेजारी बसणाऱ्याला कळायला हवं होतं." बोलता बोलता त्यांनी गेणबाकडं बघितलं.

गेणबानं तोंड उघडलं. पण नवऱ्याला कुणी बोललेलं कुशाबाईला आजवर खपलं नव्हतं, ते आता काय खपणार. ती खुर्चीत सरळ झाली, पदर सारखा केला.

"न्हाई बाई, त्यांच्याकडं बोट दावू नका. आमच्या मालकांच्या नाकातनं काय सुटत न्हाई, सगळ्या दौंडला ठावं हाय. मला बी भ्याव वाटलं हुतं. म्हनून तर म्या एक दिस मुद्दाम त्यांच्या तोंडापशी तोंड न्हेलं आन् इचारलं, कसला वास येतोय का. दोनदोनदा इचारलं." ती नवऱ्याकडं बघून हसली, जबडा आवळलेला तरी. "नुसती लवंगच हाय म्हनले. मग म्या जिवाला घोर लावला न्हाई."

डॉक्टरीणबाईंचा पेन थांबला. मग त्यांनी मान खाली घालून चिठ्ठी पुरी केली अन् गेणबाच्या हातात दिली.